मदत हवी आहे: तीन गोळ्या चालू, तरी नानांचं बीपी उतरत नाही. घशाचा आणि बीपीचा संबंध कोणी समजावेल का?

मखमलाबादरोड | बुधवार, रात्री १०:१५

नमस्कार. घाई आहे म्हणून थेट लिहिते. माझ्या वडिलांचं, नानांचं, बीपी सकाळी १७०/१०४ च्या आसपास असतं. तीन गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली, त्यात स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं) निघाला, तोही सिव्हिअर. डॉक्टर म्हणाले, बीपीचं मूळ इथे आहे. बाहेर पेशंटची रांग होती, त्यामुळे यापुढे काही बोलणं झालं नाही.

नाना म्हणतात, "घोरतो मी घशातून, बीपी हृदयाचं. दोघांचा काय संबंध?" एखादी गोष्ट कशी चालते ते त्यांना कळलं की ते करतात, नाहीतर घरातल्या कोणाचंच ऐकत नाहीत. रविवारी गावी जातेय, तोवर मला त्यांना नीट सांगता आलं पाहिजे. नेटवर सगळीकडे 'हृदयविकाराचा धोका वाढतो' एवढंच आहे. का वाढतो ते कोणी सांगेल का? जमेल तितकं लवकर.

सिडको_जुनं

वय? वजन? कोणत्या तीन गोळ्या? बीपी घरी मोजता की दवाखान्यात? एवढं लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार?

गोल्फक्लब_सकाळ

ताई, उपाय एकच, वजन. माझं ९४ किलो होतं. रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर सहा फेऱ्या, रात्रीचं जेवण सातच्या आत, भात बंद. १४ महिन्यांत ७९ वर आलो. घोरणं थांबलं, बीपीची एक गोळी कमी झाली. नानांना चालायला लावा, बाकी कशाच्या नादी लागू नका.

उत्तररात्र

सहमत. आणि चालणं जमत नसेल तर आता आठवड्यातून एकदा घ्यायचं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन आहे. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांसाठी त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टरांना विचारून बघा.

आजीचा_बटवा

झोपताना दोन्ही नाकपुड्यांत गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब. आमच्या घरी तीन पिढ्या चालू आहे. नाक मोकळं, झोप गाढ.

मखमलाबादरोड

वजनाबद्दल कृपया नको. नाना ५८ वर्षांचे, उंची पाच फूट सात, वजन ६१ किलो. निफाड तालुक्यात राहतात, मोटर आणि ड्रिपची कामं करतात, दिवसभर उभेच असतात. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, क्लोरथॅलिडोन चालू आहे. बीपी आई घरीच मोजते, सकाळी उठल्यावर. रिपोर्टात एएचआय ४२, ऑक्सिजन सर्वांत कमी ७४. मी उपाय विचारलेला नाही, संबंध काय ते विचारलंय.

गोल्फक्लब_सकाळ

६१ किलोच्या माणसाला हा आजार होत नाही. रिपोर्टच पुन्हा करून घ्या.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ५:३५

होतो. मी नऊ वर्षं झोपेच्या तपासण्या करते, बारीक पेशंट दर आठवड्याला बघते. खालचा जबडा मागे असेल किंवा मुळात लहान असेल तर जिभेला जागा कमी पडते, मग वजन कितीही असो. ताई, नानांची हनुवटी बाजूने बघा. गोल्फक्लब दादा, तुम्हाला गुण आला ते खरंच आहे, पण त्यावरून इतरांचे रिपोर्ट चुकीचे ठरवू नका.

नाना मोटरचं काम करतात म्हणालात, तर त्यांच्याच कामातलं उदाहरण देते. सक्शनला, म्हणजे मोटरच्या पाणी ओढणाऱ्या बाजूला, कडक पाइपाऐवजी मऊ होज लावला आणि फूटव्हॉल्व्हला (तळाच्या झडपेला) गाळ बसला तर मोटर ओढत राहते आणि होज आतल्या आत चपटा होतो. घशाचं तेच होतं. नाकाला हाडाचा आधार आहे, श्वासनळीला कूर्चेच्या कड्या आहेत, पण मधला, जिभेमागचा भाग नुसता मांसाचा आहे. जागेपणी तिथले स्नायू तो उघडा धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, छाती आतून ओढते आणि भिंती एकमेकींना चिकटतात. हवा १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबली किंवा फारच कमी झाली की आम्ही ती एक घटना धरतो. एएचआय ४२ म्हणजे तासाला अशा ४२ घटना. ५ च्या खाली नॉर्मल, ३० च्या वर सिव्हिअर.

आता बीपीकडे येते. मानेत मोठ्या धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, कॅरॉटिड बॉडी. रक्तात ऑक्सिजन किती आहे यावर तो पहारा ठेवतो. ऑक्सिजन घसरला की तो मेंदूला खबर देतो. मेंदू सिम्पथेटिक नसांमार्फत हातापायांच्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळायला लावतो, म्हणजे उरलेला ऑक्सिजन हृदयाला आणि मेंदूला पुरेल. मग मेंदू काही सेकंद जागा होतो (माणसाला सकाळी ते आठवतही नाही), घसा उघडतो, मोठा घुरका येतो आणि हृदय जोरात धावायला लागतं. पण रक्तवाहिन्या तेव्हाही आवळलेल्याच असतात. सबमेनचे (बागेत पाणी वाटणाऱ्या पाइपाचे) व्हॉल्व्ह अर्धे बंद आणि मोटर फुल, असं होतं ते. त्या क्षणाला बीपी उसळतं. नानांच्या अंगात हे रात्रभर, तासाला ४२ वेळा चालतं.

निरोगी माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्क्यांनी खाली येतं, रक्तवाहिन्यांची ती विश्रांती असते. नानांना ती मिळत नाही, म्हणून सकाळचा आकडा तसा येतो.

सिडको_जुनं

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

रामकुंड_६०+

नाना रात्री लघवीला उठतात का? उठत असतील तर आधी प्रोस्टेट बघा. मला चार वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झालं आणि आता सलग सहा तास झोपतो. प्रोस्टेटकडे दुर्लक्ष करू नका, पीएसए ही रक्ततपासणी करून घ्या.

मखमलाबादरोड

काका, उठतात. रात्रीतून तीन-चार वेळा. सोनोग्राफी केली होती, प्रोस्टेट ठीक आहे. तरी दोन महिने गोळी दिली होती, फरक नाही पडला.

रात्रपाळी ताई, खूप खूप आभार. सक्शनचं उदाहरण मी नानांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवसा तर माझा श्वास चालू असतो. मग दुपारी दवाखान्यात बीपी का जास्त येतं?" याचं उत्तर आहे का?

रात्रपाळी

आहे, पण ड्युटीवरून नुकती आलेय, रात्री लिहिते. तोवर लघवीबद्दल: घसा बंद असताना छाती जीव तोडून ओढते, त्यामुळे छातीच्या आतला दाब खूप उतरतो आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या जातात. ताण पडला की ते कप्पे एएनपी नावाचं संप्रेरक सोडतात, कारण त्यांना वाटतं अंगात पाणी जास्त झालंय. ते मूत्रपिंडाला पाणी काढायला सांगतं. म्हणून लघवी होते. त्याच ताणामुळे पुढे हृदयाचा ठोका अनियमित होण्याचाही धोका वाढतो. रामकुंड काका, प्रोस्टेट बघणं बरोबरच आहे, पण ते ठीक निघालं तर झोपेकडे बघायला हवं.

पंचवटी_केमिस्ट

एक विचारू का? तीन गोळ्या सांगितल्या, पण गुडघ्यासाठी, कंबरेसाठी काही घेतात का? मोटर उचलणारे लोक आमच्याकडे हमखास दुखण्याची गोळी नेतात.

मखमलाबादरोड

हो, कंबरेसाठी. गावातल्या मेडिकलमधून आणतात, रोज एक, कधी दोन. डायक्लोफेनॅक. ती तर साधी गोळी आहे म्हणून लिहिली नाही.

पंचवटी_केमिस्ट

साधी नाही हो ताई. या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोनचा असर कमी करतात. तिन्ही एकत्र आल्या तर मूत्रपिंडावरही ताण पडतो. हे डॉक्टरांना आजच्या आज सांगा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या. झोपेच्या तपासणीचं काहीही असो, हे आधी.

रात्रपाळी

केमिस्ट दादांना पूर्ण दुजोरा. हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

आकडेमोड

स्पष्ट लिहितो. धाग्याचा रोख सीपॅप मशीनकडे (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) चाललाय, म्हणून आधीच सांगतो. २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७०० हून अधिक रुग्ण होते. सीपॅप मशीन लावलेल्यांत आणि न लावलेल्यांत हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांत फरक दिसला नाही. शिवाय बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं. एवढ्यासाठी माणसाच्या तोंडाला रात्रभर नळी लावायची का, याचा विचार व्हावा.

रात्रपाळी

अभ्यास खरा आहे, पण अर्धाच सांगितलात. त्यातले लोक सरासरी रात्रीचे ३.३ तासच मशीन लावत होते. उरलेली निम्मी रात्र घसा बंदच. आणि ज्यांना दिवसा फार झोप येते किंवा ज्यांचा ऑक्सिजन खूप वेळ खाली राहतो त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. तीन गोळ्यांनीही बीपी न उतरणाऱ्यांवर स्पेनमध्ये वेगळा अभ्यास झाला, २०१३ चा. १२ आठवड्यांत २४ तासांचं सरासरी बीपी तीन अंकांनी जास्त उतरलं आणि रात्रीची नैसर्गिक घसरण बऱ्याच जणांत परत आली.

आकडेमोड

तीन म्हणजे तीनच ना. १७० चे १६७.

रात्रपाळी

ती सरासरी आहे. मशीन जितके तास, तितका फरक जास्त. आणि मी कुठेही गोळ्या बंद करा म्हटलेलं नाही, दोन्ही लागतं. ताई, एक विचारायचं राहिलं. तपासणी कधी झाली? मशीन आणलंय का?

मखमलाबादरोड | गुरुवार, रात्री ९:५०

दिवाळीच्या आधी झाली. मशीन घरी आहे, कपाटावर. जेमतेम दोन रात्री लावलं. ज्या दुकानातून घेतलं त्यांनी मास्क तोंडाला लावून दाखवला आणि पाच मिनिटांत गेले, नंतर फोन उचलत नाहीत. तिसऱ्या रात्री लाईट गेली, नाना दचकून उठले, मास्क ओढून काढला. "झोपेत गुदमरून मरायचं नाही मला" म्हणाले. तेव्हापासून हात लावला नाही.

आई रात्री उठून बसते. त्यांचा श्वास थांबला की छातीवर हात ठेवून वाट बघते. तिने हे मला गेल्या महिन्यात सांगितलं, इतकी वर्षं कोणाला बोलली नव्हती.

शंखनाद

मशीन नको असेल तर शंख वाजवा. थट्टा नाही. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केलाय, ३० रुग्णांवर. सहा महिने शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली, रात्रीच्या घटनाही कमी झाल्या. मी स्वतः रोज सकाळी पंधरा मिनिटं वाजवतो.

सिडको_जुनं

तो अभ्यास मध्यम त्रास असलेल्यांचा होता. इथे ४२ आहे.

शंखनाद

नुकसान तर नाही ना? घशाचे स्नायू बळकट होतातच.

आजीचा_बटवा

तुपाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

रात्रपाळी

तूप नाकात जातं, अडचण जिभेमागे आहे. नाक कोरडं पडत असेल तर वैद्यांना विचारून घाला, पण त्याने घसा उघडा राहणार नाही. शंखही वाजवू द्या, मशीनसोबत.

लासलगाव_बंधू

मुळात लाईटचा प्रश्न आहे. आमच्याकडे थ्री फेज रात्रीची, तीही कधी दहाला, कधी दोनला. बाया-माणसं अंधारात बिबट्याच्या भीतीने स्टार्टरपर्यंत जातात. दिवसा वीज द्या म्हणून किती वर्षं ओरडतोय. घरातली सिंगल फेजही डीपी उडाला की दोन दिवस नाही.

द्राक्ष_छाटणी

बरोबर. आमच्या शिवारात मागच्या महिन्यात पिंजरा लावला होता. सोलरसाठी अर्ज केलाय, बघू कधी येतो.

सिडको_जुनं

विषयाला धरून लिहूया. ताई, मध्येच एक: नानासुद्धा रात्री मोटर चालू करायला जातात का? कसे जातात?

मखमलाबादरोड

जातात. मोटरसायकलवर. गिऱ्हाइकांच्या बागेत मोटर बंद पडली तरी रात्री फोन येतो. दोन आठवड्यांपूर्वी पहाटे येताना गाडी चारीत गेली. खरचटलं फक्त. म्हणाले कुत्रं आडवं आलं.

सिडको_जुनं

ताई, कुत्रं होतं की डोळा लागला होता? विचारा त्यांना. माझा चुलतभाऊ ट्रक चालवायचा, कसारा घाटात डिव्हायडरला धडकला. तोही आधी कुत्रंच म्हणाला होता. नंतर कळलं, सिग्नलला उभ्या गाडीतही झोपायचा. बीपीचं नंतर बघा, रात्रीची गाडी आज बंद करा.

उत्तररात्र

याला दुजोरा. बाकी सगळी चर्चा बाजूला ठेवा.

मखमलाबादरोड

आत्ता फोन केला. आई म्हणाली, दुपारी जेवताना घास हातात ठेवून डोळे मिटतात. मी दमणूक समजत होते. उद्यापासून रात्री चुलतभाऊ जाईल असं ठरवलंय.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४:१०

हे झालं ते फार चांगलं झालं. आता नानांचा प्रश्न, दिवसा का.

१९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲप्नियाच्या रुग्णांच्या गुडघ्याखालच्या नसेत बारीक सुई घालून सिम्पथेटिक नसांचे संदेश मोजले. झोपेत श्वास अडकला की ते वाढत जायचे, हे अपेक्षित होतं. पण हे लोक जागे, शांत पडलेले असतानाही त्यांच्या नसा निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त चालू होत्या. मशीन लावल्यावर झोपेतले संदेश कमी झाले. म्हणजे रात्रभर हाका मारून कॅरॉटिड बॉडी इतकी हळवी होते की दिवसा ऑक्सिजन ठीक असला तरी ती मेंदूला टोचत राहते. बिघडलेल्या प्रेशर स्विचवर मोटर विनाकारण चालू राहते, तसं.

दुसरी गोष्ट नळीच्या भिंतीची. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो. तो नायट्रिक ऑक्साइड बनवतो आणि त्यामुळे नळी सैल राहते. ऑक्सिजन पडतो, एकदम चढतो, पुन्हा पडतो. या हेलकाव्यांत फ्री रॅडिकल नावाचे घातक कण तयार होतात आणि ते नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात. सोबत भिंतीला सूज येते. हे वर्षानुवर्षं चाललं की भिंत जाड आणि ताठ होते. नवा लॅटरल (ड्रिपची बारीक नळी) बोटाने दाबला तर दबतो, दहा उन्हाळे खाल्लेला दबत नाही, हे नानांना माहीत असेल. ताठ नळीत तेवढंच पाणी सोडलं तरी दाब जास्त येतो. मेंदूतल्या बारीक नळ्यांनाही हेच सोसावं लागतं, म्हणून पक्षाघाताची भीती. विसरणं, चिडचिड, सकाळचं डोकेदुखणं हेही त्यातलंच.

आता गुदमरण्याची भीती. मशीनवर दाबाचा कोणता आकडा लावलाय?

मखमलाबादरोड

डॉक्टरांनी ९ लिहिलाय.

रात्रपाळी

तो ९ सेंटीमीटर पाण्याचा दाब आहे. ड्रिपला एक किलो दाब म्हणजे १० मीटर पाणी. मशीनचा दाब त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, वितीपेक्षा कमी उंचीचं पाणी. चपटा होणारा होज आतून फुगवून ठेवायला तेवढा पुरतो. लाईट गेली तर: नाकाचा मास्क असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो. नाक-तोंड दोन्ही झाकणारा असेल तर त्यात एक झडप असते, दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. रविवारी दिवसाउजेडी नानांना मास्क लावायला सांगा आणि तुम्ही स्वतः बटण बंद करा. झडप त्यांच्या हातात द्या, त्यांना बघू द्या. पहिले चार दिवस मशीन लावून झोपायचं नाही, टीव्ही बघताना अर्धा तास लावायचं.

आकडेमोड

झडपेचं मला माहीत नव्हतं. आणि दिवसा झोप येत असेल, गाडी चारीत जात असेल, तर माझा आक्षेप या रुग्णाला लागू नाही. तेवढं मागे घेतो.

गोल्फक्लब_सकाळ

मीही बारीक माणसाबद्दल चुकीचं लिहिलं. घाईत लिहिलं.

मखमलाबादरोड | पुढचा बुधवार, रात्री ८:३०

उशीर झाला, क्षमस्व. रविवारी सगळं वाचून दाखवलं. हनुवटी खरंच मागे आहे. माझीही तशीच आहे, हे आईने दाखवलं. नानांनी झडप स्क्रूड्रायव्हरने उघडायच्या आत मी हातातून घेतली. बटण तीन वेळा बंद करून बघितलं त्यांनी. कुत्र्याचं विचारलं तर काही बोलले नाहीत.

डायक्लोफेनॅक बंद केलं, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलंय आणि रक्त तपासायला पाठवलंय. सोमवारी नानांनी २ तास मशीन लावलं, काल ३ तास ४० मिनिटं. स्क्रीनवरचा आकडा ते स्वतः वहीत लिहितात, खाली बीपी. आज सकाळी १६४/१००.

अडचण अशी की निफाडला सध्या कडाक्याची थंडी आहे. पहाटे नळीत पाणी साठतं, गुडगुड आवाज येतो, थेंब नाकावर पडतात. काय करू?

रात्रपाळी

गरम दमट हवा थंड नळीत गेली की पाणी होतं. ह्युमिडिफायर (मशीनमधली हवा दमट करणारी टाकी) एक-दोन अंक खाली आणा, नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला कापड गुंडाळा, आणि मशीन गादीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी मशीनकडे उतरेल, नाकाकडे नाही. पण ह्युमिडिफायर पूर्ण बंद नको, नाक कोरडं पडून पुन्हा काढून ठेवतील. १६४ वर आठवड्यात काही ठरवू नका, गोळ्या तशाच.

लासलगाव_बंधू

माझ्याही वडिलांचा श्वास असाच अडकतो, हा धागा वाचून लक्षात आलं. नाशिकला कोणाकडे दाखवू? आणि बागेत खोपीवर झोपतात, तिथे मशीन बॅटरीवर चालेल का?

सिडको_जुनं

छातीचे डॉक्टर किंवा कान-नाक-घसा, दोघांपैकी कोणीही. तपासणी घरीही होते, यंत्र एका रात्रीसाठी देतात. आणि ताईंसारखं करू नका, वय, वजन, गोळ्या, दुखण्याच्या गोळ्यांसकट, सगळं लिहून न्या.

मखमलाबादरोड

बॅटरीचं नानांनी आधीच शोधलंय. म्हणतात, मशीनच्या अडॅप्टरवर २४ व्होल्ट लिहिलंय, १२ ची बॅटरी थेट जोडायची नाही, मध्ये कन्व्हर्टर लागेल. तुमच्या मशीनवर काय लिहिलंय ते आधी बघा, काही १२ वर चालतात म्हणे. अडलं तर मला निरोप टाका, नानांना फोन लावून देते.